शस्त्रावाचून मेदहरण

झाशीचे संस्थान १८५४ साली खालसा झाले, तेव्हा आपली बाजू मांडण्यासाठी राणी लक्ष्मीबाईंनी जॉन लँग या वकिलास बोलावून घेतले. पडद्याआडून झालेल्या भेटीत लँगला राणीचे ओझरते दर्शन घडले. त्या मध्यम बांध्याच्या व अंगाने काहीशा भरलेल्या होत्या, अशी नोंद त्याने पुढे आपल्या प्रवासवर्णनात केली आहे. यानंतर तीनचार वर्षांतच वरसईचे विष्णुभट गोडसे झाशीस येऊन राहिले. त्यांचा ‘माझा प्रवास’ हा ग्रंथ १९०७ साली प्रसिद्ध झाला, आणि त्यात राणीच्या मल्लखांबाचा व घोडदौडीचा उल्लेख आलेला आहे. एकाने अंगकाठी पाहिली, दुसऱ्याने व्यायाम पाहिला. दोन्ही वर्णने एकाच व्यक्तीची आहेत आणि त्यांत काही विसंगतीही नाही. त्वचेखाली थोडा मेद असणे आणि शरीर बळकट व निरोगी असणे या गोष्टी एकत्र नांदू शकतात. शरीरशास्त्राने हे सिद्ध केले ते मात्र पुष्कळ उशिरा.

पेशव्यांच्या सुभेदारांबरोबर बुंदेलखंडात आलेल्या मराठी घराण्यांपैकी काही आजही झाशीत आहेत. समजा, अशाच एका घरातील चाळिशी ओलांडलेली एक गृहिणी रोज पहाटे चालावयास जाते. वर्षभरात तिचे वजन चार किलोंनी उतरले, चेहरा निवळला, हात सडपातळ झाले. परंतु कमरेच्या दोन्ही बाजूंच्या वळ्या होत्या तशाच राहिल्या. तिच्या आईला मधुमेह आहे. अशा वेळी ‘सुरी नाही, टाके नाहीत, तासाभरात घरी परत’ अशी एखादी जाहिरात तिच्या वाचनात येते. पैसे भरावेत की काय, असा विचार करताना तिच्या मनात दोन अपेक्षा असतात. एक, कमरेचा आकार सुधारेल. दुसरी, मेद गेला म्हणजे आईच्या वाटेला आलेला रोग आपल्या वाटेला येणार नाही. पहिली अपेक्षा काही अंशी पुरी होण्यासारखी आहे. दुसरी पुरी होण्यासारखी नाही. असे का, हे समजण्यासाठी मेद म्हणजे काय आणि तो कोठे असतो, हे प्रथम पाहिले पाहिजे.

मेदाची कोठारे

मेद हा शरीराने अडचणीच्या दिवसांसाठी करून ठेवलेला साठा होय. तो मेदपेशी नावाच्या विशेष पेशींत असतो. भरलेली मेदपेशी म्हणजे जवळजवळ केवळ तेलाचा एक थेंबच. पेशीचे केंद्रक व इतर द्रव्य कडेला पातळ पापुद्र्यासारखे चिकटून राहिलेले असते. मोठ्या मेदपेशीचा व्यास एक दशांश मिलिमीटरपर्यंत, क्वचित त्याहूनही अधिक भरतो.

या साठ्यातून मेद बाहेर काढण्याचा हुकूम ॲड्रेनॅलीनसारख्या संप्रेरकांकडून येतो. तो हुकूम स्वीकारणारी ग्राहके मेदपेशीच्या आवरणावर असतात आणि ती दोन प्रकारची असतात. एका प्रकारची ग्राहके कोठाराचे दार उघडतात, दुसऱ्या प्रकारची ते अडवून धरतात. स्त्रियांच्या नितंबांवरील व मांड्यांवरील मेदपेशींत अडवून धरणाऱ्या ग्राहकांचे प्रमाण अधिक आढळते. गर्भारपण व अंगावर पाजण्याचा काळ यांसाठी निसर्गाने केलेली ही तरतूद असावी. उपासाने किंवा व्यायामाने शरीर साठा वापरू लागले, की चेहरा व दंड आधी उतरतात आणि ही कोठारे शेवटपर्यंत बंद राहतात, त्याचे एक कारण हे होय. लोक ज्याला ‘हट्टी’ मेद म्हणतात तो असा आहे. त्यात व्यायाम करणाऱ्याचा आळस नसतो.

ज्या अवयवाचा व्यायाम करावा त्याच अवयवाचा मेद झडतो, अशी समजूत फार जुनी आहे. १९७१ साली अमेरिकेत काही टेनिसपटूंच्या दोन्ही हातांवरील त्वचेखालचा मेद मोजण्यात आला. खेळणाऱ्या हाताचे स्नायू साहजिकच मोठे होते. मेदाचा थर मात्र दोन्ही हातांवर सारखाच भरला. १९८४ सालच्या एका प्रयोगात काही तरुणांकडून २७ दिवसांत प्रत्येकी ५,००४ उठाबश्या, म्हणजे उताणे निजून धड उचलण्याच्या, करवून घेण्यात आल्या. पोटावरील मेदपेशींचा आकार थोडा घटला, पण तेवढाच तो पाठीवर व नितंबांवरही घटला. पोटाचे स्नायू शेजारचा मेद जाळीत नाहीत. ते रक्तातून येणारे इंधन वापरतात, आणि ते इंधन कोणत्या कोठारातून यावे हे त्यांच्या हाती नसते.

मेदपेशींची संख्या किती व ती कधी ठरते, हा प्रश्न दीर्घकाळ अनुत्तरित होता. त्याचे उत्तर एका अनपेक्षित दिशेने आले. १९५० ते १९६३ या काळात उघड्या वातावरणात झालेल्या अणुस्फोटांमुळे हवेतील किरणोत्सर्गी कार्बनचे प्रमाण जवळजवळ दुप्पट झाले आणि नंतर ते हळूहळू उतरत गेले. वनस्पती, अन्न आणि मनुष्य या वाटेने तो कार्बन पेशींच्या केंद्रकांत पोहोचला व प्रत्येक पेशीवर तिच्या जन्मकाळाचा जणू शिक्का बसला. स्वीडनमधील कॅरोलिन्स्का संस्थेतील कर्स्टी स्पॉल्डिंग व त्यांचे सहकारी यांनी हा शिक्का वाचून २००८ साली दाखवून दिले, की मेदपेशींची संख्या बाल्यावस्थेत व किशोरवयात ठरते आणि पुढे साधारण कायम राहते. दरवर्षी सुमारे १० टक्के पेशी मरतात व तेवढ्याच नव्या उत्पन्न होतात. जठराच्या शस्त्रक्रियेने पुष्कळ वजन उतरलेल्या माणसांतही दोन वर्षांनंतर पेशींची संख्या तीच होती. फक्त त्या रिकाम्या व लहान झाल्या होत्या. तेव्हा आहार व व्यायाम यांनी कोठार रिकामे होते, पाडले जात नाही. पुढे वर्णिलेले उपचार एका ठिकाणची काही कोठारे पाडू पाहतात.

थिजणारे तूप

झाशीला मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. पण जानेवारीतल्या रात्री थंडी चांगलीच पडते. अशा रात्री स्वयंपाकघरात ठेवलेले तूप थिजून घट्ट होते आणि खोबरेल तेलाची बाटली उलटी केली तरी थेंब पडत नाही. त्याच खोलीतील घागरीतले पाणी मात्र पाणीच असते. ज्या थंडीत पाण्याला काही होत नाही त्या थंडीत स्निग्ध पदार्थ गोठू लागतात. शीतोपचाराचे सारे तत्त्व या एका घरगुती अनुभवात आले.

वैद्यकाच्या ते लक्षात आले ते मुलांच्या गालांवरून. बर्फाची कांडी चोखणाऱ्या तान्ह्या मुलांच्या गालात काही वेळा लाल, टणक गाठ येते आणि काही आठवड्यांत ती विरून जाते. १९७० साली या विकाराचे वर्णन प्रसिद्ध झाले व त्याला कांडीचेच नाव मिळाले. १९८० साली घोडेस्वारी करणाऱ्या स्त्रियांत असाच प्रकार नोंदला गेला. कडक थंडीत घट्ट विजारी घालून तासनतास रपेट केल्यामुळे त्यांच्या मांड्यांच्या बाहेरच्या बाजूस मेदाचा दाह होत असे. (झाशीच्या हवेत हा विकार होण्याचा संभव फारच थोडा.) दोन्ही ठिकाणी त्वचा शाबूत राही, इजा होई ती तिच्याखालच्या मेदाला.

या निरीक्षणांवरून अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयातील डीटर मॅनस्टीन व रॉक्स अँडरसन यांनी डुकरांवर प्रयोग केले आणि ते २००८ साली प्रसिद्ध केले. पुढे यंत्रे निघाली आणि २०१० साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने कमरेच्या बाजूंवरील मेदासाठी अशा यंत्रास परवानगी दिली. त्यानंतर पोट, मांड्या व हनुवटीखालचा भाग यांचीही भर पडली. ही परवानगी शरीराचा आकार सुधारण्यापुरती आहे. स्थूलतेवरील किंवा कोणत्याही रोगावरील उपचार म्हणून ती दिलेली नाही, हे जाहिरातीत सहसा छापलेले नसते.

उपचाराची रीत अशी. वळी एका पेल्यासारख्या साधनात निर्वात पद्धतीने ओढून घेतात. त्वचेचे रक्षण व्हावे म्हणून मध्ये चिकट द्रवाने भिजवलेले कापड ठेवलेले असते. ३५ मिनिटांपासून एक तासापर्यंत हा भाग थंड ठेवतात. आरंभी ओढल्यासारखे व झोंबल्यासारखे वाटते, मग बधिरता येते. मेदपेशीतील स्निग्ध द्रव्याचे स्फटिक बनतात आणि पेशी तत्काळ फुटत नाही, तर पुढील काही दिवसांत आपोआप मरू लागते. सुमारे दोन आठवड्यांनी तेथील दाह शिगेला पोहोचतो. महाभक्षी पेशी मेलेल्या पेशींचे अवशेष गिळू लागतात, आणि हे साफसफाईचे काम दोनतीन महिने चालते. म्हणूनच ‘तासाभरात’ हा शब्द फसवा आहे. तासाभरात आरंभ होतो, परिणाम दिसण्यास तिसरा महिना उजाडतो. सुटलेला मेद रक्तात येऊन यकृतावर भार पडेल अशी भीती प्रथम वाटत होती. परंतु ही क्रिया इतकी मंद आहे की रक्तातील स्निग्ध द्रव्यांत व यकृताच्या चाचण्यांत लक्षणीय फरक आढळला नाही.

फरक किती पडतो? उपचार केलेल्या भागाच्या मेदाच्या थरात साधारणपणे एकपंचमांश घट होते. काहींत थोडी अधिक, काहींत जवळजवळ नाहीच. चार सेंटिमीटर जाडीची घडी सव्वातीन सेंटिमीटर होईल, असे म्हणता येईल. आरशात व कपड्यांत हे जाणवेल. तराजूवर जाणवणार नाही.

उष्णता, ध्वनी आणि साबण

थंडीप्रमाणे उष्णतेनेही मेदपेशी मारता येतात. रेडिओलहरींच्या कंप्रतेचे विद्युत्प्रवाह किंवा १,०६० नॅनोमीटर तरंगलांबीचे लेसर किरण वापरून मेदाचा थर ४३ ते ४७ अंश सेल्सियसपर्यंत तापवितात आणि काही मिनिटे तसाच ठेवतात. त्याच वेळी वरची त्वचा थंड राखावी लागते, अन्यथा भाजते. तीव्र श्राव्यातीत ध्वनिलहरी एका बिंदूवर एकवटल्या असता तेथील तापमान ५६ अंशांपलीकडे जाते आणि भिंगाने सूर्यकिरण एकवटून कागद जाळावा तसा त्वचेखालील नेमका तेवढाच भाग नष्ट होतो. या साऱ्यांचे फळ शीतोपचाराच्या आसपासचे आहे. केवळ मर्दन करणारी, थरथरणारे पट्टे बांधणारी किंवा घाम काढणारी साधने या वर्गात मोडत नाहीत. त्यांनी पाणी उतरते आणि ते पुढच्या पेल्याबरोबर परत येते.

सुईने द्रावण टोचण्याच्या पद्धतीचा इतिहास अधिक मनोरंजक आहे. फ्रान्समध्ये १९५२ साली मिशेल पिस्तोर यांनी त्वचेत औषधाचे लहान लहान डोस टोचण्याची रीत सुरू केली. पुढे सोयाबीनपासून मिळणारे फॉस्फॅटिडिलकोलीन मेदात टोचले असता मेद विरघळतो, असे कित्येक देशांतील वैद्य सांगू लागले आणि त्याचा मोठा बाजार झाला. हे द्रव्य पाण्यात मिसळत नाही. म्हणून द्रावणात डीऑक्सिकोलिक आम्लाचा क्षार घालीत. २००४ साली अमेरिकेतील संशोधकांनी दोन्ही घटक वेगवेगळे तपासले, तेव्हा कळले की पेशी फोडण्याचे काम मुख्यतः हा क्षारच करीत होता. ज्याला केवळ वाहन समजत होते तोच खरा स्वार निघाला.

डीऑक्सिकोलिक आम्ल परके नाही. यकृताने स्रवलेल्या पित्ताम्लापासून आतड्यातील जीवाणू ते तयार करतात आणि अन्नातील तुपातेलाचे बारीक कण करण्याच्या कामी ते येते. तेलकट भांड्यावर साबण जे करतो तेच हे आम्ल पेशीच्या आवरणावर करते. कारण आवरणही स्निग्ध द्रव्याचेच असते. साबणाला मात्र हे भांडे घासावयाचे व ते नाही, असा विवेक नसतो. म्हणूनच अमेरिकेत २०१५ साली या औषधास मान्यता मिळाली ती केवळ हनुवटीखालच्या मेदासाठी, आणि निदान एक महिन्याच्या अंतराने अधिकात अधिक सहा वेळा टोचण्यासाठी. सूज, निळसरपणा व बधिरता जवळजवळ सर्वांनाच येते. जबड्याच्या कडेने जाणाऱ्या मज्जातंतूला इजा झाली तर हसताना ओठ एका बाजूस वाकडा होतो. चाचण्यांत शंभरांत सुमारे चौघांना हा त्रास झाला व तो बहुधा आपोआप बरा झाला. मान्यता एका जागेसाठी असताना तेच औषध, किंवा त्याच नावाने विकले जाणारे अज्ञात मिश्रण, पोटावर व दंडांवर टोचून घेणे हा निराळा आणि धोक्याचा व्यवहार आहे.

उलटा परिणाम

शस्त्रावाचूनचा उपचार म्हणजे धोक्यावाचूनचा उपचार, असे समीकरण मनात सहज बसते. मेदहरणाच्या शस्त्रक्रियेचा इतिहास भयावह आहे, हे त्याचे कारण असावे. १९२० नंतरच्या दशकात पॅरिसमध्ये शार्ल द्युजारिए या शल्यविशारदाने एका नर्तकीच्या पोटऱ्या बारीक करण्यासाठी मेद खरवडला आणि कोथ होऊन तिला पाय गमवावा लागला. त्या मानाने थंड पेला खरोखरच सौम्य आहे. तरीही २०१४ साली एक विलक्षण उपद्रव नोंदला गेला: काही व्यक्तींत उपचारानंतर काही महिन्यांनी मेद कमी होण्याऐवजी त्याच जागी वाढला, घट्ट झाला आणि त्याला पेल्याचाच आकार आला. प्रथम याचे प्रमाण वीस हजारांत एक असे सांगितले गेले. पुढील वृत्तांतांत ते त्याहून पुष्कळ अधिक आढळले. पुरुषांत तो तुलनेने जास्त दिसतो. कॅनडाची ख्यातनाम रूपदर्शिका लिंडा एव्हांजेलिस्टा हिने आपल्याला हाच उपद्रव झाल्याचे २०२१ साली जाहीर केले, तेव्हा सामान्य लोकांस त्याची ओळख झाली. हा वाढलेला मेद सहसा आपण होऊन जात नाही. जी शस्त्रक्रिया टाळण्यासाठी हा उपचार घेतला, तीच मग करावी लागते.

ज्यांच्या रक्तातील विशिष्ट प्रथिने थंडीने साकळतात किंवा ज्यांच्या तांबड्या पेशी थंडीने फुटतात, त्यांना शीतोपचार सर्वस्वी वर्ज्य होय. उपचाराच्या जागी अंतर्गळ असेल तर पेला लावणे धोक्याचे. बाळंतपणांनंतर पोटाचे दोन उभे स्नायू मध्यभागी फाकलेले राहतात आणि पोट पुढे येते. अशा पोटात मेद थोडाच असतो, व त्याला यंत्राचा काही उपयोग होत नाही. या गोष्टी यंत्राला कळत नाहीत. त्या हाताने तपासणाऱ्या डॉक्टरला कळतात. म्हणून तपासणीआधीच पैसे भरून घेणाऱ्या ठिकाणी मुळीच जाऊ नये.

चिमटीत न सापडणारा मेद

आता दुसऱ्या अपेक्षेकडे वळू. वर सांगितलेले सर्व उपचार त्वचेखालील मेदावर, म्हणजे चिमटीत धरता येणाऱ्या मेदावर चालतात. परंतु पोटात स्नायूंच्या भिंतीमागे, आतड्यांच्या पडद्यांभोवती व यकृतातही मेद साठतो. तो चिमटीत येत नाही व पेल्यातही येत नाही. मार्सेल येथील झाँ व्हाग यांनी १९४७ सालीच दाखविले होते, की स्थूलतेचे दोन नमुने आहेत. नितंब-मांड्यांच्या स्थूलतेपेक्षा पोटाच्या स्थूलतेबरोबर मधुमेह अधिक वेळा येतो.

भारतीयांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक बिकट आहे, आणि तो समजण्यास पुण्याच्या संशोधनाचे मोठे साहाय्य झाले आहे. तेथील के. ई. एम. रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात स्वतःचेच छायाचित्र प्रसिद्ध केले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे, निर्देशांक २२.३, पण शरीरातील मेदाचे प्रमाण युडकिन यांचे ९.१ टक्के, तर याज्ञिक यांचे २१.२ टक्के. तराजूला दोघे सारखेच होते. पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील नवजात बालकांचे वजन सरासरी २.७ किलो, इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो, पण आपल्या बालकांत उणीव होती ती मुख्यतः स्नायूंची व पोटातील इंद्रियांची. मेद त्यांनी बराचसा राखलेला होता. कृश दिसणारे भारतीय शरीर जन्मापासूनच मेदाकडे झुकलेले असते, ते असे.

मग वरचा मेद काढून टाकला तर मधुमेहाचा धोका कमी होईल काय? याची कसोटी अमेरिकेतील सॅम्युअल क्लाइन यांनी २००४ साली घेतली. १५ स्थूल स्त्रियांच्या त्वचेखालून शस्त्रक्रियेने प्रत्येकी नऊदहा किलो मेद शोषून काढण्यात आला. शस्त्रावाचूनचा कोणताही उपचार याच्या जवळपासही पोहोचत नाही. दहाबारा आठवड्यांनी पाहिले तो इन्शुलिनचा प्रभाव, रक्तशर्करा, रक्तदाब व रक्तातील स्निग्ध द्रव्ये यांपैकी कशातही सुधारणा नव्हती. २०११ साली कोलोरॅडो येथील एका अभ्यासात शोषून काढलेला मेद वर्षभरात भरून आला. तो मांड्यांवर परतला नाही, पोटावर जमला. ब्राझीलमध्ये २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तर अशा स्त्रियांच्या पोटातील आतला मेद सहा महिन्यांत सुमारे १० टक्क्यांनी वाढला. मात्र ज्यांनी शस्त्रक्रियेनंतर नियमित व्यायाम केला त्यांचा वाढला नाही. हे निष्कर्ष शस्त्रक्रियेचे आहेत आणि लहानशा शीतोपचाराला ते जसेच्या तसे लावता येणार नाहीत. परंतु एक कोठार पाडले तरी धान्य येतच राहिले तर शरीर ते दुसरीकडे ठेवते, एवढे त्यांवरून दिसते.

आतला मेद चालण्याला दाद देतो. ‘हट्टी’ असतो तो बाहेरचा. चेन्नईचे डॉ. ए. रामचंद्रन यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावरील ५३१ भारतीयांचा सुमारे तीन वर्षे पाठपुरावा करून २००६ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. केवळ नेहमीची सूचना मिळालेल्यांपैकी ५५ टक्के लोकांना मधुमेह झाला. आहार व चालणे यांचे सातत्याने मार्गदर्शन मिळालेल्या गटात हे प्रमाण ३९.३ टक्के होते. आणि या दुसऱ्या गटाचे वजन फारसे उतरलेले नव्हते. आरशात काही दिसत नसताना आत काही बदलत होते.

मापन

आपल्या उदाहरणातील गृहिणीचा वर्षभराचा पहाटेचा फेरा, वळ्या गेल्या नाहीत म्हणून वाया गेला असे तिला वाटत असेल, तर तिने कंबर मोजून पाहावी. फासळ्यांची खालची कड आणि कमरेच्या हाडाची वरची कड यांच्या मध्यावर, श्वास सहज बाहेर सोडल्यावर, फीत न आवळता माप घ्यावे. भारतीय स्त्रियांत ८० व पुरुषांत ९० सेंटिमीटरांपलीकडचे माप धोक्याचे समजतात. त्याबरोबरच उपाशीपोटी रक्तशर्करा तपासून घ्यावी. घरात मधुमेह असता ही तपासणी एरवीही करावयाचीच असते.

एवढे करून कमरेच्या वळीसाठी शीतोपचार घ्यावयाचा तिने ठरविलेच, तर त्यात लज्जास्पद असे काही नाही. उपचारापूर्वी व तीन महिन्यांनंतर एकाच प्रकाशात, एकाच अंतरावरून छायाचित्रे घ्यावीत, घडीची जाडी एकाच व्यक्तीने मोजावी आणि दोन्ही दिवशी वजन टिपून ठेवावे. मधल्या काळात वजन दोन किलोंनी उतरले असेल, तर कमरेतला फरक यंत्राचा की चालण्याचा, हे एरवी कोणालाच सांगता येणार नाही.